भाव न करणारं पहिलं गिऱ्हाईक

दादा, आधी भांडून घेते. रडायचं असेल तर नंतर बघू.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत लोकांनी तुझं इतकं गोड वर्णन केलं, की नक्की कुणाचा भाऊ गेला असं मलाच विचारावंसं वाटलं. मातीच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "शांतवन म्हणजे नम्रतेचा नमुना." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा नमुना शेवटच्या नऊ वर्षांतला. त्याआधीचा माल तुम्ही पाहिलेला नाही. आईने तुझं नाव शांतवन ठेवलं, आणि घरात शांतता असायची ती फक्त तू झोपलेला असताना.

मीही काही गरीब गाय नाही. कांद्याच्या वखारीत निवडायला जायचे तेव्हापासून मला ओळखणारे लोक अजून शिरूरमध्ये आहेत. नंतर डोक्यावर पाटी घेऊन निमोण्यात, केंदुरात दारोदार सुकट-बोंबील विकले. उन्हात पाय भाजले, कुत्री मागे लागली, लोकांनी नाकाला पदर लावून भाजी शिजेपर्यंत भाव केला. आज शिरूर आणि दौंड, दोन्ही बाजारांत माझी जागा ठरलेली आहे. कुणाच्या उपकाराने नाही. आणि माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय, हेही सगळ्यांना माहीत आहे.

भाव करण्याचा माझा एकच नियम. गिऱ्हाईक म्हणतं, "शेवटचं काय ते सांगा." तेव्हा गप्प बसायचं. बोंबलाच्या जुड्या नीट लावत राहायचं, आभाळाकडे बघायचं, पण तोंड उघडायचं नाही. जो आधी बोलतो तो हरतो. हा नियम मी तुझ्यावरही चालवला. नऊ वर्षं चालवला. आणि तू बोलण्याआधीच निघून गेलास. असा कुणी सौदा अर्धवट टाकून उठतं का?

ज्याबद्दल भांडण आहे ते आता लिहूनच टाकते. आजवर मी ते कुणापाशी बोलले नाही.

आई माझ्याकडे शिरूरला असायची, तेव्हा तू आणि वहिनीही तिथेच होता. तिचं दुखणं वाढलं होतं. आदल्या दिवशी मी औषधाला पैसे दिले होते तुझ्या हातात. तू पिऊन झुलत आलास, औषध नाहीच. सकाळी आई म्हणाली, "मार्थे, तू दौंडचा बाजार करून ये. येताना औषध आण. हा हाय माझ्याजवळ." मी गेले. औषध घेऊन परत आले, तर दारात चपला पडलेल्या. आई गेली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या दौंडच्या बाजारात, तू झोकांड्या खात माझ्यासमोर उभा राहिलास. तेव्हा तू मालधक्क्यावर हमाली करत होतास. दारूला पैसे मागितलेस, मी नाही म्हटलं. तू पाटीला लाथ मारलीस. सगळा माल चिखलात. तेवढ्यावर थांबला असतास तरी मी विसरले असते, माल काय, पुन्हा आणता येतो. पण तू भर बाजारात ओरडलास, "बघा रे हिच्याकडं! आई मरत हुती तवा ही हितं भाव करीत बसली हुती!"

मी काही बोलले नाही. मी, आणि बोलले नाही! शेजारची भाजीवाली नंतर म्हणाली, "तू गप बसलीस तवाच कळलं, कायतरी मोडलंय."

आता गंमतीचं सांगते, कारण तुझी सगळी गोष्ट रडकी नाही. तू बदललास तो एका तांबड्या भोपळ्यामुळे, आणि तो भोपळा माझा होता.

त्या लाथेनंतर महिन्याभराने दौंडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात कापणीचा सण होता. वहिनीने बोलावलं म्हणून मी आले होते. तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवून आले होते. लोकांनी आपापलं दान वेदीसमोर आणून ठेवलेलं: कणसं, वांगी, अंडी, एक पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर लिलाव. मला तो लिलाव फार आवडतो. वर्षभर माणसं कमी कर, कमी कर म्हणून माझा जीव खातात. त्या एका दिवशी मात्र तीच माणसं दोन वांग्यांसाठी चढाओढीने बोली वाढवतात. मी एक भोपळा हेरून ठेवला होता. हा एवढा, देखणा. दोन जणांना मी गार केलं होतं. भोपळा माझ्याच पदरात पडत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याच्या दुप्पट!"

तू दारात उभा. शर्टाची बटणं उलटसुलट, डोळे लाल. लोक हसले. मी बोली वाढवली. तू पुन्हा, "त्याच्या दुप्पट!" मग पाळकसाहेबांनी विचारलं, "शांतवन, पैसे आणलेत का?" तू दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवलेस. एकातून विडी पडली. सगळं देऊळ हसायला लागलं, मी सगळ्यांत मोठ्याने. पाळकसाहेब मात्र खाली आले, भोपळा उचलला आणि तुझ्या हातात दिला. "घे. तुझा झाला. घरी ने."

मी उठून म्हणाले, "पाळकसाहेब, हा काय न्याय झाला? शेवटची खरी बोली माझी हाय!"

ते म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही कोंबडा घ्या."

मला कोंबडा नको होता.

तू तो भोपळा खांद्यावर घेऊन निघालास, आणि म्हणे अख्खं दौंड फिरलास. वहिनी सांगते, घरी येऊन भोपळा समोर ठेवून बसलास आणि रडलास. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलास. पुढे तू देवळात उभा राहून साक्ष द्यायला लागलास तेव्हा हेच सांगायचास, "माझ्या हातात काय बी न्हवतं, आन् तरी ते माझ्या नावावर झालं." लोक आमेन म्हणायचे. मी मागच्या बाकावर बसून म्हणायचे, झालं खरं, पण माझ्या हातचं गेलं त्याचं काय?

खरं सांगू? मला वाटलं होतं महिनाभर टिकेल. नाताळ झाला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. दोनदा घसरलास, दोन्ही वेळा मला ते बाजारात कळलं, आणि दोन्ही वेळा मला थोडं बरं वाटलं, हेही लिहिते. पण घसरलेला तू सकाळी उठून स्वतःच्या पायांनी देवळात जायचास आणि तोंडाने सांगायचास. दारू सुटली. मग शिव्या सुटल्या. मालधक्क्यावर कुणी डिवचलं की तू हातपंपावर जाऊन तोंड धुवायचास. पहिल्या उन्हाळ्यात तर तुझं तोंड दिवसभर ओलंच असायचं. वहिनी मला म्हणाली, "आक्का, जेवल्यावर स्वतःचं ताट घासत्यात. मी दाराआडून बघतीया, खरंच हेच हायेत का म्हणून." ती हसत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी वहिनीचे दात पाहिले.

आणि मग तू माफी मागायला निघालास.

गावोगाव गेलास. निमोण्याला ज्याची उसाची मोळी जाळली होतीस त्याच्याकडे, केंदूरला ज्याच्या मुलीच्या लग्नात मांडव पाडला होतास त्याच्याकडे. प्रत्येक बाजारात कुणीतरी मला येऊन सांगायचं, "मार्थाबाई, तुमचा भाऊ आला हुता की आमच्याकडं!" सायकलवाला बाबूभाई तर पोट धरून हसत होता. "अगं, दारात येऊन हात जोडून हुभा. म्हनला, बाबूभाई, मला माफ कर. म्या म्हनलं, माफी ऱ्हाऊ दे बाजूला, माझा हवा भरायचा पंप कुठाय ते सांग आधी! तर म्हनतो, तो तवाच इकला. दुसऱ्या दिवशी नवा पंप घिऊन आला की ह्यो! आता काय करू, माफ करावंच लागलं."

मी हसले. घरी येऊन दार स्वच्छ केलं, वेलदोड्याची पूड केली. कारण आता माझी पाळी असणार.

तू आलास. आठवतंय? मी चहा टाकला. तू ओट्यावर बसलास. पत्र्याकडे बघून म्हणालास, "मार्थे, हितनं गळतंय. पावसाच्या आत डांबर लावाय पायजे." आणि मी जुड्या नीट लावाव्यात तशा कपबशा नीट लावत गप्प राहिले. नियम. तू बोल. चहा संपला. तू शिडी मागितलीस, पत्र्यावर डांबर लावलंस आणि गेलास.

मोळीवाल्याला माफी, मांडववाल्याला माफी, पंपाची माफी. आणि बहीण? बहिणीला डांबर.

हीच माझी तक्रार. नऊ वर्षं ती मी उशाशी घेऊन झोपले. मला वाटायचं, तुला ते आठवतच नसणार. दारूत बोललास, दारूबरोबर वाहून गेलं. मग वाटायचं, आठवतंय, पण तुला ते अजून खरं वाटतंय. हे दुसरं जास्त वाईट होतं. कारण अधूनमधून मलाही ते खरं वाटायचं. आई मरत होती तेव्हा मी भाव करत होते. होतेच की. देवळात डोळे मिटले की तेच वाक्य. मी देवाशीही भावच करत आले होते: माल खपू दे, मेणबत्त्या लावते, गुडघा दुखायचा थांबू दे, देवळाला चटई देते. पण त्या वाक्याचा भाव त्याच्याकडेही विचारायचं धाडस झालं नाही.

दर दौंडच्या बाजाराला मात्र तू हजर. मी टेम्पोतून उतरायच्या आत ताडपत्री अंथरलेली, कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. आणि मग तुझा तो ॲल्युमिनियमचा डबा पुढे यायचा. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीला उधारी नाही, आणि त्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आपल्यातले काही शहाणे म्हणतात, ख्रिस्ती माणसाने हा शब्द वापरू नये. त्यांना म्हणावं, बाजारात बसून बघा. नऊ वर्षं माझी भवानी तू केलीस.

"काय भाव सुकट?"

मी सांगायचे. तू द्यायचास. एक अक्षर नाही. मला ते सहन व्हायचं नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक म्हणजे मीठ नसलेली भाकर. मग मी मुद्दाम चढवून सांगायला लागले. तू द्यायचास. आणखी चढवला. तू द्यायचास. वर विचारायचास, "गुडघा कसा हाय?" तू लहानपणापासून सुकट खात नाहीस, अंगावर गांधी उठायच्या तुझ्या. एकदा मी विचारलं, "नेतोस कुठं एवढं? मांजराला घालतोस का?"

"व्हय," तू म्हणालास. "सात-आठ मांजरं हायती."

गेल्या महिन्यातल्या बाजारात माझं डोकं फिरलं. बोंबलाच्याही वर सुकटीचा भाव सांगितला मी. तू निमूटपणे खिशात हात घातलास. मी ओरडले, "अरे, भाव कर की! तोंड न्हाई का तुला?"

तू म्हणालास, "न्हाई. तुझ्याशी भाव कराय मला तोंड न्हाई, मार्थे."

मला वाटलं टोमणा मारलास. तुझ्यासमोरच मापटं आपटलं. तू डबा उचललास, "येतो" म्हणालास. तेच शेवटचं. तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला, बसल्या जागी गेलास म्हणून.

मातीनंतर तुझ्या अंगणात बसले होते. सात जण आले. अंघोळी केलेले, केसाला तेल, धुतलेले शर्ट. माझ्यासमोर ओळीने उभे राहिले. सगळ्यांत पुढचा ट्रक चालवायचा, गणपत. तो म्हणाला, "सुकटवाल्या मार्थाआक्का तुम्हीच ना?"

"व्हय. का?"

"ती मांजरं म्हंजी आम्ही, आक्का."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ते जमायचे. सगळे दारूतून बाहेर पडायला धडपडणारे. तू स्वतः सुकटीची चटणी करायचास, भाकरी वहिनीच्या. पोट भरलेलं असलं की दारूची आठवण उशिरा येते, असं तुझं म्हणणं. त्यातला एक कुरकुंभच्या कारखान्यात काम करणारा बिहारी, तो म्हणाला, "दीदी, पहले दिन तो इसकी बदबू से हम भागे थे. अब उसके बिना खाना नहीं उतरता."

"आन् घास घ्यायच्या आधी," गणपत म्हणाला, "दादा दर खेपंला तेच सांगायचे. आम्हाला पाठ झालंय. म्हणायचे, ही सुकट माझ्या बहिणीची हाय, मार्थाची. तिनं आईच्या औषधाला दिलेलं पैसं म्या प्यालो. म्हणून तिला बाजार कराय जावं लागलं. आईनंच धाडलं तिला. आईजवळ म्या हुतो, आन् म्या काय केलं न्हाई. आन् वर भर बाजारात म्या तिच्यावरच उलटलो. ते पाप तिच्यासमोर कबूल कराय अजून माझी जीभ वळत न्हाई. तिनं अजून मला माफ केल्यालं न्हाई, आन् ते बरुबर हाय. खावा."

मी विचारलं, "अजून काय म्हणायचा?"

गणपतने इतरांकडे पाहिलं. "आई जाताना काय म्हणली ते. म्हणली, मार्था दमून येईल, तिला आधी जेवाय वाढा. मग सांगा."

दादा, हे तू सात परक्या माणसांना सांगितलंस. नऊ वर्षं, दर आठवड्याला, माझीच सुकट वाढून. आणि मला डांबर लावून दिलंस! त्या अंगणात मी इतकी चिडले, की बायका धावत आल्या, त्यांना वाटलं मला झटका आला. मी चिडले होते आणि हसत होते, आणि पदराने तोंड पुसत होते. आई माझी वाट बघत गेली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आई माझं ताट वाढायला सांगून गेली होती. एवढं एक वाक्य तू माझ्या ओट्यावर चहाबरोबर ठेवलं असतंस तर? पण तुला तोंड नव्हतं. तू खरं तेच बोलला होतास आणि मी मापटं आपटलं.

काल दौंडचा बाजार होता. तुझ्यानंतरचा माझा पहिला. मन घट्ट करून उतरले, तर ताडपत्री अंथरलेली. कोपऱ्यांवर दगड. गणपत उभा होता, हातात तुझा डबा.

"काय भाव सुकट, आक्का?"

मी सांगितला. सवयीने चढवलेलाच सांगितला.

"लई सांगताय," तो म्हणाला. "नीट सांगा. ह्यात कचराच जास्त दिसतोय."

"कचरा? माझ्या मालात कचरा? तुझ्या दादानं नऊ वर्षांत एकदा तरी भाव केला का रे?"

"दादाला तोंड न्हवतं," गणपत म्हणाला. "मला हाय की! म्या तुमचं काय वाकडं केलंय?"

दादा, मी अशी हसले की काट्याचं पारडं हललं. भाजीवाली उठून बघायला आली. मग आम्ही भाव केला. पाव तास केला. त्याने मालाला नावं ठेवली, मी त्याच्या बापजाद्यांची विचारपूस केली, तो उठून चार पावलं गेला, मी हाक मारली नाही, तो परत आला. तुझ्याबरोबर नऊ वर्षं जे मिळालं नाही ते सगळं व्याजासकट वसूल केलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, शेवटचं काय ते सांगा."

आणि मी नियमाप्रमाणे गप्प बसले. जुड्या नीट लावल्या. आभाळाकडे पाहिलं. सकाळचं स्वच्छ आभाळ होतं. नऊ वर्षं तू गप्प, मी गप्प, आणि मधे तो डबा. कोण जिंकलं त्यात? तू तर तेव्हाच हरायला तयार होतास, जास्तीत जास्त भाव देऊन, दर आठवड्याला. फुकट मिळालेला भोपळा पुढे वाटायचा असतो, हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला सात मांजरं यावी लागली.

मी डबा शिगेपर्यंत भरला, वर एक मूठ टाकली, आणि गणपतला म्हटलं, "ने. भवानीचे पैसे नकोत आज." तो घाबरला. म्हणाला, "आक्का, दिवस खराब जाईल तुमचा." मी म्हटलं, "जाऊ दे." दुपारपर्यंत सगळा माल संपला. आणि पुढच्या बाजाराच्या संध्याकाळी मी शेडमध्ये येणार आहे, चटणी कशी करता ते बघायला. तुझ्या हाताला तिखटाचा अंदाज कधीच नव्हता.

तर ऐक. जो आधी बोलतो तो हरतो. मी आधी बोलते. तू मागितली नाहीस, तरी देते.

दादा, माफ केलं.

मी मुद्दाम चढवून लावलेला भाव तूही माफ कर. पण तो भोपळा माझा होता. ते काही मी सोडणार नाही. भेटशील तेव्हा त्यावर बोलू.